मामी, या!

बहारीनच्या गुदैबिया भागातल्या आम्हा मराठी माणसांत एक वाक्प्रचार होता. व्हिसाच्या रांगेत कुणी मधेच घुसला, पत्ते खेळताना कुणी आपली पाळी नसताना पान टाकलं, जेवणाच्या पंगतीत कुणी न बोलावता पहिल्या पाटावर जाऊन बसला, की मागून हमखास आवाज यायचा, "मामी, या!" आणि सगळे हसायचे. नव्याने आलेल्याला मग त्यामागची गोष्ट सांगितली जायची. सांगायचा मान अर्थातच मामींचा. त्या गोष्टीत मीही आहे, पण कडेला, पिकअपला टेकून हसणारा. गोष्ट कितीदा ऐकली त्याला गणती नाही, आणि दर वेळी इतरांबरोबर हसलोही. फक्त शेवट जवळ आला की मी पाणी प्यायला उठायचो. हे कुणाच्या कधी लक्षात आलं नाही. मी मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे माझ्या उठण्याबसण्याकडे कोण बघतं?

मामी तशा आमच्यापैकी कुणाच्याच मामी नव्हत्या. त्यांचे यजमान एका कंपनीत ड्रायव्हर. त्यांना आम्ही मामा म्हणायचो, म्हणून त्या मामी. दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि त्यात आम्ही बिऱ्हाड नसलेले सडेफटिंग दोन वेळ जेवायला. मी तेव्हा एसी दुरुस्तीच्या कामावर होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं, बहारीनमध्ये जिकडेतिकडे इमारती उठत होत्या आणि प्रत्येक खिडकीत एक एसी गुरगुरत होता. आमची पोटं त्याच्यावरच भरत होती.

मामी रत्नागिरीकडच्या, सड्यावरच्या गावातल्या. सडा म्हणजे कातळाचं उघडं माळरान. चार करवंदीच्या जाळ्या, खुरटं गवत आणि वर आभाळ. बाकी कोकणी माणूस माडांच्या आठवणी काढतो, या मात्र सड्याच्या काढायच्या. "इथं पायाला जमीन लागतच नाही रे," त्या म्हणायच्या. "घरात फरशी, जिन्यात फरशी, खाली डांबर. माणसाने चालायचं कुठं?"

आणि नेमका मीच एक दिवस बोलून बसलो. रिफा गाव मागे टाकून दक्षिणेकडे गेलं की एक राखीव माळ होता, तिथल्या गेटवरच्या खोलीचा एसी बिघडला म्हणून मला पाठवलं होतं. तारेचं कुंपण, आत वाळू, खडे, गुडघाभर उंचीची झुडपं आणि लांबवर उभी असलेली हरणं. रात्री जेवताना मी म्हटलं, "मामी, अगदी तुमच्या सड्यासारखं आहे. शुक्रवारी सकाळी लोकांना आत सोडतात."

झालं. त्या दिवसापासून रोज एकच पालुपद, "कधी नेतोस?" मी चार शुक्रवार टाळले. मग माझ्या वाटीत सुरमईचा तुकडा शेपटीकडचा यायला लागला. माणूस किती दिवस तग धरणार?

आता खरं सांगतो. तिथले नियम मला पक्के ठाऊक होते. गेटवरचा राखणदार इथलाच, पांढऱ्या दाढीचा, हातात सदा काठी. त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. एसी उघडून बसलो असताना त्याने मला सगळं समजावलं होतं. चुना लावलेल्या दगडांच्या दोन ओळी आहेत, त्यांच्या मधून चालायचं. आत काही खायचं नाही, काही तोडायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आणि दगडांच्या पलीकडे 'महमिया'. त्याचा अर्थ विचारला तेव्हा त्याने काठीने जमिनीवर एक गोल काढला, गोलात बोट ठेवून लांबच्या हरणांकडे दाखवलं, मग माझ्याकडे बोट करून मान हलवली. हे त्यांचं, तुझं नाही. यापेक्षा स्वच्छ अर्थ कुठल्या शब्दकोशात मिळणार?

मार्च असावा. थोडा पाऊस होऊन गेला होता आणि वाळूवर हिरवट साय धरली होती. मामा कंपनीचा पिकअप चालवत होते, शेजारी मामी ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि मागे मी डबे सांभाळत. घावणे, चटणी, वालाची उसळ. गेटवर राखणदाराने डब्यांकडे काठी रोखली.

"आत खायचं नाही म्हणतो," मी सांगितलं.

"मग वनभोजन कसलं मेल्या?"

"वन आत, भोजन बाहेर."

"ही कुठली रीत?" असं म्हणत त्यांनी गेटपाशीच डबे उघडले आणि पहिला घावणा राखणदाराच्या हातावर ठेवला. त्याने चटणी भरभरून घेतली. डोळ्यांतून पाणी काढत "जेन, जेन" म्हणाला, म्हणजे छान. मामी खूश. "बघा," त्या मामांना म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा बरा आहे. तुम्ही कधी चांगलं म्हटलंत?"

"मी रडतो का कधी?" मामा म्हणाले, आणि पिकअपमध्ये पाय पसरून झोपले.

आत गेल्यावर मामींनी चपला काढून हातात घेतल्या. शंभरेक पावलं दगडांच्या मधून नीट चालल्या. मग एका झुडपापाशी वाकल्या, मग पुढच्या, आणि बघता बघता त्यांचा एक पाय दगडांच्या पलीकडे. राखणदार गेटपासून ओरडला, "महमिया! महमिया!" आणि काठी हलवली.

मामी थबकल्या. वळून बघितलं आणि तोंडभर हसल्या. "अगो बाई! कसा अगत्याने बोलावतोय बघ. मामी या, मामी या! तू शिकवलंस होय रे त्याला?"

एक शब्द पुरे होता. "नाही" एवढाच. मी पिकअपपाशी पाण्याची बाटली घ्यायला मागे आलो होतो, हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पण इतकी मजेशीर गोष्ट आपल्यासमोर घडतेय, ती मोडवेना. मी ओरडून म्हटलं, "जा की मामी! बोलावतोय तर!"

"महमिया!" राखणदार आता पळत सुटला होता.

"आले, आले!" मामींनी तितक्याच प्रेमाने उत्तर दिलं आणि आणखी आत गेल्या.

मी पोट धरून हसत होतो. इथपर्यंतची गोष्ट खरोखरच गमतीची आहे, आजही सांगताना ओठ हलतात.

झुडपांआडून मामी परत आल्या तेव्हा पदरात काहीतरी होतं. वाळूच्या रंगाचं, लांब कानांचं, चार पायांची घडी घातलेलं पाडस. "पोरकं आहे रे," त्या म्हणाल्या. "एकटंच पडलं होतं. आई टाकून गेली मेली." डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं, आपण एक जीव वाचवला.

राखणदार पोचला. तो चिडला नाही, त्याचीच मला भीती वाटली. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि विचारलं, "किधर? कौन सा झाड?"

मामींनी मागे बघितलं. सगळी झुडपं सारखी. आधी एक दाखवलं, मग म्हणाल्या नाही, ते. मग तिसरं. राखणदार तुटक बोलत होता आणि मी आता इमानाने त्याचं मराठी करत होतो: आई टाकून जात नाही. ती लपवून ठेवते, चरायला जाते, आणि परत त्याच जागी येते. त्याच जागी. मामी ऐकत होत्या आणि पाडसाला पदराने आणखी झाकत होत्या. शेवटी त्याने पाडस त्यांच्याकडून घेतलं, एका झुडपाखाली ठेवलं, आणि आम्हाला निघायला सांगितलं. लांबच्या उंचवट्यावर एक हरणी मान वर करून उभी होती.

परतताना पिकअपमध्ये मामी एकदाच बोलल्या. "येईल ना रे ती?"

"येईल."

"पुढच्या शुक्रवारी बघून ये. मला घास जाणार नाही."

मी गेलो. राखणदार दारात चहा करत बसला होता. मला बघून म्हणाला, "मफी," म्हणजे नाही. जरा थांबून काठीने माळाकडे दाखवलं आणि म्हणाला, "खलास." मग मला चहा दिला, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुमको तो मालूम था ना, महमिया?" मी कपात बघत राहिलो.

गुदैबियात परतलो तर मामी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या, हाताला पीठ. "आली?"

"आली," मी म्हटलं. "दुसऱ्याच दिवशी. दोघं उड्या मारत गेली म्हणे."

त्या उड्या माझ्या पदरच्या. खोटं बोलणाऱ्याला कमी बोलून भागत नाही, एरवी तो कितीही अबोल असो. त्या दुपारी माझ्या वाटीत सुरमईचा मधला तुकडा आला. मी तो खाल्ला.

मग ती गोष्ट मामींची झाली. राखणदाराची हाक, त्यांचं "आले, आले", झुडपं ओळखण्याची फजिती, आणि शेवटी, "मी इतका घोळ घातला, पण आई ती आईच! दुसऱ्या दिवशी हजर! उड्या मारत गेली दोघं!" लोक टाळ्या द्यायचे. शेवट गोड म्हटल्यावर दगड ओलांडण्यात वाईट ते काय? पोरं शुक्रवारी तिकडे जाऊन "मामी, या" ओरडत मुद्दाम पलीकडे उतरू लागली. एकाने तर म्हणे कुठूनशी गाडी आत घालून वाळूत गोल गोल चाकं फिरवली. मग दगडांना दोर आला, दोराच्या जागी तार आली, आणि पुढे चालणंच बंद. बघायचं तर बसमध्ये बसून, खिडकीतून.

"लोकांना अक्कल नाही," मामी म्हणायच्या. "मी चुकून गेले, हे मुद्दाम जातात. मला आता पाय ठेवायला जमीन उरली नाही यांच्यामुळे." मी समोर बसून संत्रं सोलायचो. फार निगुतीने सोलायचो.

सौदीला जोडणारा पूल झाला, त्यानंतर थोड्याच काळात मामा निवृत्त झाले. कायमचं गावी जायचं ठरलं. निघण्याआधीच्या शुक्रवारी मामी म्हणाल्या, "एकदा तो सडा दाखव रे." दुपारी त्यांच्याकडे निरोपाचं जेवण होतं, सकाळी आम्ही तिघं गेलो. गेटवर जुना राखणदार नव्हता. बस हळूहळू चालत होती, मामा एसीच्या गारव्यात घोरत होते. एका वळणावर दहाबारा हरणं दिसली. मामींनी काचेला नाक लावलं.

"त्यातलं माझं कुठलं रे?"

त्या बोटाने एकेक मोजायला लागल्या.

"आता मोठं झालं असेल. त्यालाही पोरं झाली असतील. ते कान बघ, तेच असेल."

"मामी," मी म्हटलं, "ती आली नव्हती."

त्या काचेकडेच बघत राहिल्या. हरणं मागे गेली, नुसती झुडपं आली. मी पुढचंही सांगून टाकलं, महमिया म्हणजे काय ते, आणि मला तेव्हाच ठाऊक होतं तेही.

"ते मलाही कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या हाकेला नाही. दुसऱ्या हाकेला कळलं. बोलावणारा माणूस काठी घेऊन पळत येतो का? पण पाय निघाले होते रे. किती वर्षांनी मातीला लागले होते." मग माझ्याकडे वळल्या. "माझं मी बघेन. पण तू इतकी वर्षं माझ्या तोंडून खोटं वदवलंस. हसून हसून सांगितलं मी."

बस थांबली, मी मामांना उठवलं.

दुपारी फ्लॅट माणसांनी भरला होता. जेवणं उरकली आणि अपेक्षेप्रमाणे आरडाओरडा सुरू झाला, "मामी, शेवटची एकदा! मामी, या! मामी, या!" त्यांनी सांगितली. चटणीने रडणारा राखणदार सांगितला, "आले, आले" नेहमीसारखंच सांगितलं, लोक नेहमीसारखे हसले. तिसरं झुडूप आलं. मी सवयीने पाण्याला उठलो.

"बस खाली मेल्या," मामी म्हणाल्या. "पाणी मग पी. आज शेवट हा सांगेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलणार, ह्याचंच कुणाला तरी हसू आलं. मी बसलो.

"ती आली नाही," मी म्हणालो.