खाली आहे

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही — त्याला ठाऊक असेल तर विषय त्यानं काढायचा होता, त्यानंही काढला नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — बरंच झालं.

ग्वाल्हेरचा 'खाली'चा किस्सा तुमच्या कानावर आला असेल. लश्कर भागातल्या मराठी घरांतून, लग्नाच्या पंगतींतून तो वर्षानुवर्षं फिरतो आहे. लोक पोट धरून हसतात. त्या किश्श्यातला मास्तर मी.

संस्थान विलीन झालं, नवं राज्य उभं राहिलं आणि आमचं गाव वर्षातले सहा महिने राजधानी झालं. कचेऱ्या आल्या, बाबू आले, घरभाडी आभाळाला भिडली. केशवराव त्याच लोंढ्यात इंदूरहून बदलून आले. कचेरीत टंकलेखक, बरोबर सुमनवहिनी आणि कडेवरची मुलगी. पंधरा दिवस घरासाठी वणवण केली. सराफ्याजवळचं परवडेना. बिर्लानगरात स्वस्त होतं, पण कचेरी लांब आणि तिथं ओळखीचं कोणी नाही. परक्या शहरात बायको-पोरीला दिवसभर कोणाच्या भरवशावर सोडायचं? शेवटी मास्तर म्हणून मला विचारायला आले. मी म्हणालो, पाटणकर बाजारामागं आमच्या गल्लीत या, वरची खोली देतो. सगळी दक्षिणी, म्हणजे मराठी वस्ती, आपली माणसं. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. जबाबदारी माझी — हे शब्दही मीच बोललो. कोणी बोलायला लावले नव्हते.

आपली माणसं — हो, आपलीच होती.

वर्ष उलटायच्या आत संस्थानची पलटण मोडली. पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेली घरं एका कागदानं बसली. कपातीच्या याद्या केशवरावांच्या यंत्रावर टंकल्या जात. नावं ठरवणारे साहेब निराळे. पण साहेबांच्या बंगल्यावर पहारा असतो आणि बाबूच्या खोलीला नुसती कडी. त्या रविवारी दुपारी आठ-दहा जण गल्लीत शिरले. पुढं जगताप हवालदार, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणारे.

गलका ऐकून मी केशवरावांना वरून खाली आणलं, आमच्या धान्याच्या खोलीत कोंबलं आणि बाहेरून कडी घातली. इथवर मी बरा माणूस होतो. हे मुद्दाम का सांगतोय? जाऊ द्या.

दार दुसऱ्याच लाथेला पडलं. जगतापांनी माझी मानगूट धरली. "मास्तर, वरचा बाबू कुठं हाय?" मागून कोणी म्हणालं, "जल्दी सांगून टाका मास्तरसाहेब, तुमच्याशी आमचं काही लेणं-देणं नाही." काठी खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. दुसरी काठी वर गेली, आणि मी म्हणालो, "खाली आहे."

केशवरावांना त्यांनी पाय धरून ओढलं. त्यांनी गव्हाचं पोतं घट्ट धरलं होतं. ते फाटलं, गहू अंगणभर पसरला आणि त्या गव्हावर त्यांना लोळवलं. बरगड्यांत बूट, तोंडावर बूट. मग कोणाला तरी आठवलं, की नावं हातानं टंकली जातात. त्यांचा उजवा हात आमच्याच पाट्यावर धरला आणि आमचाच वरवंटा उचलला. एकेक बोट. पहिल्या दोन घावांना ते ओरडले, पुढं ओरडायला श्वास राहिला नाही. वहिनी जिन्यात उभ्या होत्या, मुलीचं तोंड छातीत दाबून. आमच्या हिनं तो पाटा राखेनं दोनदा घासला, मग फेकून दिला.

किश्श्यात हे काही येत नाही. किस्सा असा — ग्वाल्हेरची मराठी हिंदीच्या मांडीवर वाढलेली. 'मकान खाली है'च्या चालीवर आम्ही रिकाम्या खोलीलाही खाली म्हणतो. मास्तर सांगायला गेला की वरची खोली रिकामी आहे. जगताप पडले साताऱ्याकडून भरती होऊन आलेले. त्यांना वाटलं, बाबू खालच्या मजल्यावर आहे. पोलिसांना मी हेच सांगितलं. सगळ्यांना पटलं. केशवराव तर इस्पितळात डाव्या हातानं माझा हात धरून म्हणाले, तुमचा काय दोष, माझ्यासाठी तुम्ही हाड मोडून घेतलंत. मी हात धरू दिला.

आता ऐका. मी शाळेत मराठी शिकवायचो. पोरांनी वहीत 'घडा खाली आहे' लिहिलं की छडी मारायचो — रिकामा म्हण, मराठी आहेस ना? उभी नोकरी मी त्या एका शब्दाशी भांडलो. रिकाम्या वस्तूला मी जन्मात कधी खाली म्हटलं नाही. त्या दिवशी खाली म्हणालो, तेव्हा मला खालीच म्हणायचं होतं. धान्याच्या खोलीत, मीच घातलेल्या कडीच्या आत. दुसरी काठी मला नको होती. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

कोणाच्याच ध्यानात आलं नसेल? घर बघायला आल्या तेव्हा वहिनींनी विचारलं होतं, "खोली खाली आहे ना?" आणि मी हसून दुरुस्त केलं होतं — रिकामी म्हणा, वहिनी.

केशवरावांची नोकरी गेली, ती माणसं इंदूरला परतली. पुढं मुलीच्या लग्नाचं आग्रहाचं बोलावणं आलं, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात. गेलो. पंगतीत कोणी म्हणालं, मास्तर, तो किस्सा होऊन जाऊ द्या. केशवराव समोरच्या पानावर होते, आधीच हसायला लागलेले. मी सुरुवात केली, जगतापांची नक्कलसुद्धा केली. वहिनी जिलब्या वाढत माझ्या पानापर्यंत आल्या आणि ताट हातात धरून थांबल्या. वाढलं नाही. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माहीत होतं. आणि त्यांना माहीत आहे, हे तेव्हा मलाही कळलं.

मी थांबलो नाही. किस्सा पुरा केला. सगळ्यांत मोठ्यानं केशवराव हसले.