हौसाआक्कांची चूल

भरपेट जेवून बाहेर आलो आणि अंगणात उभ्या असलेल्या हौसाआक्कांना म्हणालो, "आक्का, आज रस्सा काय झालाय! तुमच्या हाताला तोड नाही." आक्कांनी असं पाहिलं, की माझा ढेकर अर्ध्यातच विरला.

"माज्या हाताला? दाजी, आज माजी चूल पेटलीच न्हाई. तुमी शेजारी जेवलाय."

बायकोचं माहेर आक्कांच्याच गावचं, म्हणून मी आक्कांचा दाजी. आणि वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक! पण खानावळींचे फलक सारखेच असले, की माझ्यासारखा चवीचा जाणकार कुठंही बसतो.

पानशेतच्या रस्त्यावर चुलीवरची गावठी कोंबडी पहिल्यांदा विकली ती आक्कांनी. खोबरं निखाऱ्यावर भाजायचं, मसाला पाट्यावर वाटायचा, गिऱ्हाईक बसल्यावरच भाकरी थापायची. कुणी घाई केली, की म्हणत, "भाकरी हाय ही, एसटी न्हवं. सुटून चालली न्हाई."

मग शेजारी एक खानावळ निघाली, तिच्यापुढं दुसरी. सगळ्यांनी 'चुलीवरचं' लिहिलं. आत गॅस, बाहेर दाखवायला थंडगार चूल. पुढं 'घरगुती', मग 'गावरान', मग 'अस्सल'. फलक भोरच्या एकाच दुकानात छापलेले, त्यामुळं चित्रातली भाकरी थापणारी बाईही सगळीकडं एकच, नखं रंगवलेली. आक्का तिला 'सवत' म्हणत.

"शब्द संपलं की मानसं आकडं लिवत्यात," आक्का म्हणाल्या होत्या. झालंही तसंच. एकानं थाळीचा भाव उतरवला, दुसऱ्यानं आणखी. रस्से पातळ झाले, गावठीच्या जागी बॉयलर आली. लोक आक्कांच्या दारात उभ्याउभ्या विचारत, "केवढ्याला?" त्या तवा आपटत. "आदी जीभ घिऊन या. पाकीट मागनं येतं!"

शेवटी सुनेनंच नवा फलक आणला. तीच सवत, सगळ्यांत कमी भाव. "आत्याबाई, गिऱ्हाईक न्हाई तर खायाचं काय?" तिचंही खोटं नव्हतं. पण त्या भावात गावठी बसेना, म्हणून तिनं बॉयलर आणली, आणि आक्कांनी चूल पेटवू दिली नाही. नेमका त्याच दुपारी मी ढेकर देत उगवलो.

"माज्या दाजीला बी फरक कळंना," आक्का सुनेला म्हणाल्या, "मंग एवडी वर्सं म्या धूर कुनासाटी खाल्ला?" विळ्यानं त्यांनी नवा फलक उभा फाडला. मग कुदळ घेतली आणि स्वतःच्या हातानं लिंपलेली चूल फोडून टाकली. कुणी हात धरला नाही. मीही नाही.

परवा बायकोला घेऊन गेलो. चुलीच्या जागी शेजारच्याच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या लागलेल्या. त्याच्या नव्या फलकावर लिहिलंय, 'हौसाआक्कांच्या चवीचं', आणि खाली आकडा. आक्का ओट्यावर रस्त्याकडं पाठ करून बसल्या होत्या. आम्हाला पाणी दिलं. जेवणाचं नाव काढलं नाही.

परतताना मी पेटलो होतो. चोर सगळे, नकलाकार, चव नाही, लाज नाही! तोंड चालू असतानाच भूक लागली, म्हणून एका खानावळीपुढं गाडी थांबवली.

बायको फलक वाचून म्हणाली, "शिव्या द्या हो खुशाल. पण थांबलात ते सगळ्यांत लहान आकडा बघूनच."