मिक्सरवरची बंदी आणि खालची डंकी

आमच्या ह्यांनी तीस वर्षं मंगळवार पेठेतून बिद्रीच्या साखर कारखान्यात ये-जा करत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर पहिलं काय केलं, तर एक भलामोठा अँप्लिफायर घरी आणला. जिन्यावरून वर चढवताना दोघांना घाम फुटला, इतका जड. शिवाय कपाटाएवढे दोन स्पीकर.

त्याच्याबरोबर घरात कायदेही आले. मी मिक्सर लावला की स्पीकरमधून खर्रर्र व्हायचं, फ्रीज सुरू झाला की टक्.

"अगं, लाईन घाण होते त्यानं," हे म्हणायचे.

शेवटी फर्मान निघालं : सकाळी नऊ ते अकरा मिक्सर बंद. म्हणजे नेमका माझा स्वयंपाकाचा वेळ. पंधरा दिवस मी पाट्यावर वाटण वाटलं आणि गप्प बसले. मी गप्प बसले की सावध राहायचं असतं, हे ह्यांना एवढ्या वर्षांत कळलेलं नाही.

तळमजल्यावर आमच्या भाडेकरू मावशी मिरची कुटायची छोटी डंकी चालवतात. ती सुरू झाली की आमचे दिवे मलूल व्हायचे आणि गाण्यातली ढोलकी फाटल्यासारखी वाजायची. एकदा हे तक्रार घेऊन खाली गेले.

मावशी म्हणाल्या, "दादा, गाणं थांबलं तर कुनाचं अडत न्हाय. चटनी थांबली तर निम्मी पेठ उपाशी राहील की!"

हे तसेच वर आले.

मग एका रविवारी, डंकीला सुट्टी असते म्हणून, ह्यांनी तीन जुन्या सहकाऱ्यांना दहा वाजता गाणं ऐकायला बोलावलं. आदल्या दिवशी मी चार किलो मिरची घेऊन खाली गेले.

"मावशी, उद्या दहाला कुटून द्याल?"

"रैवारी?"

"वर पावणे यायचेत. गाणं ऐकायला."

मावशींनी माझ्याकडं नीट पाहिलं. "मग सव्वाधाला लावते. च्या तरी पिऊ दे पावण्यांस्नी."

पाहुणे आले. चहा झाला. ह्यांनी अँप्लिफायरचं पाच मिनिटं कौतुक सांगितलं, एक ठसकेबाज लावणी लावली आणि आवाज वाढवला. तेवढ्यात खाली धाडधाड सुरू झालं. दिवा पिवळा पडला, ढोलकी चिरकली आणि टक् करून सगळंच बंद.

एक पाहुणे म्हणाले, "आवाज झकास हाय, पर दम न्हाय की ओ ह्याच्यात!"

त्यात जिन्यातून मिरचीचा खकाणा वर आला. चौघंही शिंकायला लागले. मीही शिंकले, पण पदराआड हसत. मग ह्यांचा पडलेला चेहरा दिसला आणि मला जरा वाईट वाटलं.

त्या तिघांतले एक जण नोकरीत विजेचंच काम बघायचे. ते नाक पुसत उठले. "एवढा व्होल्टेज पडतोय कसा? मीटर कुठं हाय तुमचा?"

सगळे खाली गेलो. पेटी उघडली तर जळका वास. वरच्या आणि खालच्या दोन्ही लाईनींचा न्यूट्रल जिथं जोडला होता, तिथला स्क्रू ढिला होऊन काळा पडला होता, वायरचं प्लास्टिक वितळलं होतं. त्यांनी आधी मेन स्विच खाली ओढला.

"आज हे दोन्ही एकदम चाललं म्हणून कळलं, वैनी. न्हायतर एक दिवस पेटी पेटली असती."

मी पेटीपासून दोन पावलं मागं सरले.

दुपारी वायरमन आला. जळका जोड काढून त्यानं जाड वायर टाकली, अर्थिंग नवीन केलं, अँप्लिफायरला मीटरपासून वेगळी लाईन दिली. संध्याकाळी मिक्सर आणि लावणी दोन्ही एकदम लावून पाहिलं. खरखर नावाला उरली होती. पाहुणे तोवर जेवून-झोपून तिथंच होते.

एवढ्यात ह्यांना शंका आली. जिन्यातून ओरडून विचारलं, "मावशी, आज रविवारी कशी काय डंकी?"

"वैनींची मिरची हाय की! धालाच पायजे म्हनल्या!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मला पहिल्यापासून संशय होता त्या जोडावर," मी म्हणाले. "म्हणून तर मुद्दाम लावायला सांगितली."

विजेचं काम बघणाऱ्या पाहुण्यांनी आदरानं मान डोलावली. ह्यांनी मात्र डोलावली नाही. मला साधा फ्यूज कुठला तेही कळत नाही, हे त्या खोलीत फक्त ह्यांनाच माहीत होतं.