दोऱ्याखाली गेलेली दारू

मुलांनो, रानडुकरं भात तुडवायला लागली की तुमचे आजोबा रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरत. बंदुकीची दारू काचेच्या बरणीत असे. अंदाजासाठी मी बरणीला दोरा बांधून ठेवी. ठरलेली काडतुसं भरून झाली की उरलेली दारू त्या दोऱ्याशी यायची.

एका संध्याकाळी ती दोऱ्याच्या जराशी खाली दिसली.

"सांडली का हो?"

"छे, कणभरही नाही," आजोबा म्हणाले आणि मग त्यांना आठवलं. भरता भरता शेजाऱ्याने हाक मारली म्हणून ते मध्येच उठले होते. म्हणजे कुठल्या तरी एका काडतुसात माप दोनदा पडलं होतं. ते उडवलं, तर बंदूक हातातच फुटणार. पण ते कुठलं, कळेना. सगळी सारखीच लाल, नीटनेटकी.

अंगणातून भावोजी ओरडले, "वहिनी, डुकरं उतरली! देताय ना काडतुसं, की आधी ओवाळणार आहात त्यांना?"

मी सगळी काडतुसं पाण्याच्या बादलीत ओतली. मग आम्ही तिघं ओटीवर बसून शेतातला तो कचाकच आवाज ऐकत राहिलो.

अजूनही एखादी बरणी अंदाजापेक्षा लवकर रिकामी झाली, की मी आधी घरातली माणसं मोजते. तिकडे लांब असलात तरी तुम्हालाही.