राजाचं काम

सौदीत अल खर्जजवळ डेअरीच्या प्लँटचं पाइपिंग चाललं होतं तेव्हाची गोष्ट. कॅम्पात आम्ही वीस-पंचवीस कोकणी वेल्डर आणि फिटर. शुक्रवारी सुट्टी, म्हणून जेवणाच्या हॉलमध्ये दशावतारी खेळाची तालीम. गावाकडे मी राजाचं काम करायचो, त्यामुळे इथेही राजा मीच, आणि कोणाला कुठलं काम ते ठरवणाराही मीच!

आमचे वेल्ड तपासणारा इन्स्पेक्टर अमेरिकन होता, काळा. पन्नाशीचा, शांत माणूस. तालीम बघायला यायचा. एकदा म्हणाला, मलाही काम द्या. मला कोण आनंद झाला! मी लगेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, "तू राक्षस हो. तुला तर काजळ फासायलाही नको!" सगळे खो खो हसले. तो हसला नाही.

मग त्याने सांगितलं. त्याचे आजोबा नट होते. गोऱ्यांच्या थिएटरात काळ्या नटाला काम मिळायचं ते विदूषकाचंच, आणि तेही मूळच्या काळ्या तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून, ओठ रंगवून. राजामहाराजांची भाषणं आजोबांना तोंडपाठ होती. ती त्यांनी जन्मभर फक्त स्वयंपाकघरात म्हटली. "मला राजा कर," तो म्हणाला. "एकदाच. त्यांच्यासाठी."

अडचण काहीच नव्हती. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं, ज्याने त्याने आयत्या वेळी आपलं आपण बोलायचं. तो इंग्रजीत बोलला असता तरी चाललं असतं. पण आमचा पेटीवाला कानाशी लागला, "राजा काळो खंय असता? लोक हसतले!" आणि मी, मेला भित्रा, म्हटलं, "पुढच्या वेळी बघू." खरं सांगतो, मला माझा मुकुट सोडवत नव्हता.

खेळाच्या दिवशी संध्याकाळी तो पडद्यामागे आला. दशावतारी नट आपलं तोंड आपणच रंगवतो. मी खोबरेलात सफेदा कालवून गालांवर थापत बसलो होतो. मी तरी कुठला गोरा? त्याच्याहून जरासा उजळ, एवढंच. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "माझ्या आजोबांना रंग लावायला गोऱ्यांनी भाग पाडलं. तुला कोणी भाग पाडलं?"

माझा हात थांबला. त्याच क्षणी मुकुट उचलून त्याच्या डोक्यावर ठेवायला हवा होता. तेवढ्यात बाहेर पेटी सुरू झाली. मी मान खाली घालून उरलेला सफेदा कपाळाला लावला आणि राजा होऊन बाहेर गेलो.