दगड वाजतोय, सुदा

शाळेची पहिली घंटा व्हायची होती आणि वहिनींचा फोन आला. "भावोजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मग, "अंगणातला दगड तसाच आहे..." रत्नागिरीचा शिल्पकार सुधाकर मेस्त्री, माझा सुदा, जाऊन आता महिना झाला. जाण्याच्या आठ दिवस आधी त्यानेच निरोप धाडला होता, "नवा काळा दगड आणलाय, ये आणि ऐकून जा." मी गेलो नाही. परीक्षांचे पेपर तपासतोय म्हणालो. खरं कारण आज सांगणार आहे. पण आधी सुदाबद्दल सांगू दे, कारण त्याचा विषय निघाला की माझ्यासारख्या घुम्या माणसालाही जोर चढतो!

त्याचे वडील मिऱ्याला होड्या बांधायचे, आई मासळी विकायची. लाकूड त्याला घरातूनच मिळालं. तो ओंडका आधी हुंगायचा, मग तळहात फिरवायचा. मी एकदा उलट बाजूने हात फिरवला आणि बोटात कूस घुसली. सुदा खदखदून हसला. "अरे मेल्या, कुत्र्याच्या पाठीसारखं असतं ते! उलटा हात फिरवलास तर चावणारच." फणसाच्या ओंडक्यातून त्याने आईचा चेहरा काढला तेव्हा तो हळद लावल्यासारखा पिवळाजर्द होता. मला वाटलं, आता रंग देईल. तर म्हणाला, "थांब की. ती आपली आपण सावळी होईल." आणि झाली! दर वर्षी थोडी थोडी. आता ती हुबेहूब माझ्या आठवणीतल्या काकूसारखी दिसते, उन्हात रापलेली.

पण सुदाचा जीव दगडात. आपला जांभा त्याला आवडायचा, पण "त्याला भोकंच फार, नाक काढावं तर नाकपुड्या पाच" म्हणायचा. त्याला हवा काळा पाषाण. अखंड दगडावर हातोडीने टिचकी मारली की तो घंटेसारखा वाजतो. आत भेग असेल तर आवाज बद्द येतो, ओल्या भोपळ्यासारखा. सगळा खेळ त्या आवाजाचा. आणि सुदाचे कान वर्षानुवर्षं छिन्नीच्या ठणठणाटाने गेलेले, बारीक फरक त्याला ऐकू येत नसे. मी भजनात तबला वाजवतो. त्यामुळे खाणीवर तो हातोडी मारणार आणि मी ऐकणार, असं आमचं ठरलेलं. "तुझे कान, माझा हात," म्हणायचा.

अकरा वर्षांपूर्वी आईचाच पुतळा करायचा होता. डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी खाली उतरवणारी बाई, पुरी माणसाएवढी. खाणीवर दगड निवडायला गेलो त्या दिवशी चिपळूणला भजनाची स्पर्धा होती आणि मला अडीचची एसटी गाठायची होती. चार दगड मी नापास केले. पाचव्यावर त्याने हातोडी मारली. आवाज बद्द होता. अगदी थोडा, पण होता. मी घड्याळ बघत होतो. सुदाने माझ्याकडे बघितलं, "काय रे?" मी म्हणालो, "वाजतोय."

आठ महिने तो त्या दगडाशी झुंजला. पाटी झाली, पदर झाला. पदराची चुणी अशी की वाटावं, वारा सुटला तर फडफडेल! शेवटी पुतळ्याच्या डाव्या मनगटाशी छिन्नी लागली आणि हात पाटीसकट खाली आला. मी धावत गेलो तेव्हा तो जमिनीवर बसला होता, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत. "हात चुकला," म्हणाला. "म्हातारा झाला माझा हात." तुटलेल्या मनगटात भेगेची जुनी, मातकट रेघ मला स्पष्ट दिसत होती. मी खाली वाकून ते तुकडे गोळा केले... आणि गप्प राहिलो.

त्यानंतर त्याने दगडाला हात लावला नाही. पण गप्प बसणारा तो नव्हेच! मिरकरवाड्याच्या बंदरातून बोटींचे मोडके पितळी पंखे आणायला लागला. मेणाचे साचे, मातीची भट्टी, तोंडाला फडकं बांधलेला सुदा. भर दुपारी शेडला गोणपाटं लावून आत काळोख करायचा, कारण वितळलेल्या धातूचा रंग उजेडात कळत नाही. "बघ बघ, आता नारिंगी... आता पिकल्या आंब्यासारखा... ओता!" तो लालपिवळा प्रवाह साच्यात शिरताना मी ओरडलोय, मी! साचा फोडला तर आत बांगडा माशांचा अख्खा जथा, एकमेकांच्या अंगावरून उसळणारा. मी त्याला मिठीच मारली. तो म्हणाला, "धातूला हात लावावा लागत नाही ना, म्हणून माझा हात चालतो त्याला." माझा आनंद तिथेच गारठला.

परवा त्या दगडाकडे गेलो शेवटी. वहिनींनी त्याची छोटी हातोडी माझ्या हातात दिली. दगडाला ती लावण्याआधी मी सगळं सांगून टाकलं, एसटीसकट. वहिनी ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "रोज संध्याकाळी ते उजव्या हाताला तेल चोळायचे, भावोजी," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं. आता हा दगड आणला तेव्हा म्हणाले, हाताला एकदा विचारून बघतो."

मी टिचकी मारली. काय वाजला तो दगड! स्वच्छ, लांब, तबल्याच्या काठावरची चाट घुमावी तसा. दुसऱ्या कोपऱ्यावर मारली, तिसऱ्या. कुठे भेग नाही, कुठे बद्द नाही. "वहिनी, वाजतोय!" मी ओरडलोच. "अखंड आहे!"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातून हातोडी काढून घेतली, दगडाला कान लावला आणि स्वतः मारून बघितली.