सामकीबाईंचा ढावलो

पुसदहून महागावची बस सुटली तेव्हा ध्वनिमुद्रणाची पेटी मांडीवर होती आणि कविताचे फोनवरचे बोलणे डोक्यात घोळत होते. "भाऊ, याडीच्या (आईच्या) गळ्याचं ऑपरेशन हाय मंगळवारी. आवाज राहीन का नाई, डॉक्टर सांगत नाईत. त्याच्या आंधी तिचा ढावलो भरून घ्या."

ढावलो म्हणजे बंजारा लग्नात मुलीची पाठवणी करताना बायका गळ्यात पडून, रडत म्हणतात ते गाणे. मी पुण्यात लोकगीते जमवतो, म्हणून तिने मला शोधून काढले होते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. फाट्यावर कविता उभी होती. तांड्यावर पोचताच ताटात बाटी (ज्वारीची भाकरी) आणि ठेचा आला. तिची याडी सामकीबाई मात्र दुधात कुस्करा कालवत बसल्या.

"खाय बापू, मले गिळवत नाई," त्या म्हणाल्या.

त्याच खोलीत सुरुवात केली. वर टिनाचे पत्रे, खोली जेमतेम दहा बाय दहाची. त्यांनी अगदी हळू धरले, म्हणून मी यंत्र त्या बेताने लावले. मग एकाएकी आवाज चढला आणि त्यांनी सुनीताला हाक मारली. सुनीता त्यांची थोरली लेक. लग्नानंतर वर्षभरात पहिल्या बाळंतपणात गेली. कविता दाराशी तोंडाला पदर लावून उभी होती. मी यंत्राचा काटा पाहत होतो, तो टोकाला जाऊन आपटला. आवाज फाटला होता.

शाळेच्या मोठ्या खोलीत गेलो. तिथे भिंतीभिंतींतून आवाज परत येई आणि शब्द बुडत. शेवटी शेजाऱ्यांनी कापूस भरलेली खोली उघडून दिली. छतापर्यंत कापूस, घुमारा नावाला नाही. सामकीबाईंना चार पावले मागे उभे केले. या वेळी स्वच्छ उतरले, वरचा सूरसुद्धा. फक्त सुनीताचे नाव आले नाही.

"आता बस, बापू," त्या भिंतीला टेकून म्हणाल्या.

परतताना महागावच्या स्टँडवर सगळे ऐकले आणि नेहमीच्या सवयीने आधीची दोन्ही मुद्रणे खोडून टाकली.

पंधरा दिवसांनी पुण्यात कविताचा फोन आला. ऑपरेशन नीट झाले होते. आवाज गेला होता.

"याडी हातानं खुणा करते आता. तुमी पाठवलेलं गाणं ऐकवलं तं मान हलवून नाई म्हणून राह्यली. ते पयलं पाठवा, भाऊ. सुनीताचं नाव हाय ते."

"ते खोडलं मी, कविता."

"काहून?"

"आवाज फाटला होता."

ती हळूच म्हणाली, "तिथं तं फाटनच ना, भाऊ."

गावोगाव हिंडून मी आवाज सांभाळायला शिकलो, असे मला वाटत होते. त्या कापसाच्या खोलीतले गाणे मी अजून अधूनमधून लावतो. त्यात एकही दोष सापडत नाही.